हॉकीचा एक रसिक

खेळाडूंवर बोलणारे पुष्कळ असतात. खेळ पाहणाऱ्यावर सहसा कोणी बोलत नाहीं. गवयाचें चरित्र लिहिलें जातें, पण त्याच्यासमोर बसून नेमक्या जागीं मान हालविणाऱ्या श्रोत्याचें चरित्र कोठें सांपडत नाहीं. वास्तविक मैफल रंगते ती दोघांच्या मेळानें. खेळाचेंहि तसेंच आहे. मैदानावर बावीस माणसें खेळत असतात आणि मैदानाबाहेर लक्षावधि माणसें त्यांचा न्याय करीत असतात. हा न्याय करण्याचा अधिकार त्यांना कोणीं दिला, तो ते कसा चालवितात आणि तो चालवितांना त्यांच्या हातून अन्याय कसा घडतो, हें पाहावयाचें असेल तर एखाद्या नामांकित क्रीडाटीकाकाराकडे जाण्याचें कारण नाहीं. वऱ्हाडांतील बाळापुरासारख्या गांवीं गेलें तरी पुरे.

बाळापूर हें अकोला जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाशीं उंचवट्यावर येथील भक्कम किल्ला उभा आहे, इ. स. १७५७ मध्यें एलिचपूरचा नबाब इस्माईलखान यानें तो पुरा केला. जवळच मिर्झा राजा जयसिंगाची छत्री आहे. आगगाडीनें यावयाचें तर पारस स्टेशनावर उतरावें लागतें. गांवाची प्रसिद्धि आहे ती एवढ्या गोष्टींची. हॉकीसाठीं बाळापूरचें नांव कोणी घेत नाहीं. पण याच गांवांत एक निवृत्त शिक्षक राहतात. सारें गांव त्यांना 'गुरुजी' म्हणतें, आणि हॉकीचा मोठा सामना झाला कीं रस्त्यानें जाणारा-येणारा त्यांच्या ओट्याशीं थबकून "कोन जितलं जी गुरुजी?" असें विचारल्यावांचून पुढें जात नाहीं.

गुरुजी स्वतः हॉकी फारशी खेळले नाहींत. त्यांना हा खेळ लागला तो कानांवाटे. १९७५ सालच्या मार्च महिन्यांत ते शाळकरी मुलगा होते. मलेशियांतील क्वालालंपूर येथें विश्वचषकाचे सामने चालू होते आणि बाजारांतल्या एका बुकबाइंडराच्या दुकानांत रेडिओ होता. बाइंडराचा मुलगा गुरुजींचा वर्गमित्र. दोघे जण खळीच्या वासांत, कापलेल्या कागदांच्या ढिगावर बसून जसदेवसिंग यांचें हिंदी धावतें वर्णन ऐकत. उपांत्य सामन्यांत भारत यजमान मलेशियाविरुद्ध एका गोलानें मागें होता. वेळ संपत आली होती. अशा वेळीं अस्लम शेरखान हा बदली खेळाडू मैदानांत उतरला आणि पेनल्टी कॉर्नरवर त्यानें बरोबरी साधून दिली. जादा वेळांत हरचरणसिंगनें विजयाचा गोल केला. पुढें १५ मार्च रोजीं अंतिम सामन्यांत पाकिस्तानविरुद्धहि भारत आधीं पिछाडीवर पडला. सुरजितसिंगनें बरोबरी केली आणि ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांनीं मारलेला चेंडू गोलाच्या खांबापाशीं आपटून बाहेर आला. पाकिस्तानी खेळाडूंनीं हरकत घेतली. पंचांनीं गोल दिला. भारत २-१ असा जिंकला. त्या दिवशीं दोन मुलांनीं एकहि चेंडू डोळ्यांनीं पाहिला नव्हता. तरी तो गोल आपण पाहिला याविषयीं दोघांच्याहि मनांत आजतागायत शंका नाहीं.

तेव्हांपासून गुरुजींनीं हॉकीसंबंधीं कांहीं मतें बनविलीं. तीं त्यांनीं आयुष्यभर जपलीं, वेळोवेळीं तपासलीं आणि क्वचित् बदललींहि. तीं ऐकण्यासारखीं आहेत.

त्यांचें पहिलें मत बाद फेरीच्या सामन्यांविषयीं. साखळी सामन्यांत संघाचें कौशल्य दिसतें आणि बाद सामन्यांत त्याचा स्वभाव दिसतो, असें ते म्हणतात. १९७५ सालीं साखळींत भारत अर्जेंटिनाकडून हरला होता. तरी चषक भारतानेंच आणला. उलट २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्यें पोलंडवर एक गोल चढवून भारत बसला होता. तो सामना जिंकता तर उपांत्य फेरी हातांत होती. खेळ संपण्यास अगदीं थोडा अवकाश असतांना पोलंडनें बरोबरी केली आणि सारें गेलें. या सामन्याविषयीं बोलतांना गुरुजी आजहि आवाज चढवीत नाहींत. ते एवढेंच म्हणतात कीं, एका गोलाची आघाडी ही पोट भरल्याची खूण नव्हे. तो अर्धा घांस आहे. जो संघ आघाडी मिळतांच मागें सरून ती राखावयास बसतो, त्याच्याकडे चेंडू परत येतो तो शत्रूच्या काठीवरूनच.

दुसरें मत खेळाडूंविषयीं. ध्यानचंदांना 'जादूगार' म्हणणें गुरुजींना मुळींच रुचत नाहीं. जादू म्हटली कीं मेहनत झांकली जाते, असा त्यांचा आक्षेप. सोळाव्या वर्षीं सैन्यांत शिपाई म्हणून भरती झालेल्या मुलानें नोकरी सांभाळून जो सराव केला, त्याचें फळ १९२८, १९३२ आणि १९३६ या तीन ऑलिंपिकांतील सुवर्णपदकांत दिसलें. त्याला गारुड म्हणणें म्हणजे त्याची कमाई हिरावून घेणें होय. १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें भारतानें अमेरिकेवर २४ गोल केले. त्यांतील आठ ध्यानचंदांचे आणि दहा त्यांचे धाकटे बंधु रूपसिंग यांचे. हा आकडा गुरुजी मुद्दाम सांगतात. ज्याच्या काठींत जादू होती म्हणतात, त्याच्याहून त्याच्या भावाचे गोल अधिक झाले, याचा अर्थ चेंडू सोडून देण्यांतहि मोठेपण असतो. म्हणूनच १९७५ च्या संघांतील गुरुजींचा आवडता खेळाडू गोल करणारा कोणी नाहीं. तो आहे सेंटर-हाफच्या जागेवरून साऱ्या संघाची घडी बसविणारा कर्णधार अजितपालसिंग.

धनराज पिल्ले यांच्या बाबतींत मात्र गुरुजींचा तोल किंचित् ढळतो. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींत, मोडक्या काठ्या बांधून खेळ शिकलेला हा मुलगा चार ऑलिंपिकें खेळला आणि १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई स्पर्धेंत त्याच्या नेतृत्वाखालीं भारतानें सुवर्णपदक मिळविलें. धनराज यांचा राग, त्यांचें पंचांशीं आणि अधिकाऱ्यांशीं झालेलें खटकें, हें सारें गुरुजींना ठाऊक आहे. दुसऱ्या कोणाला त्यांनीं तें क्षमा केलें नसतें. "आपल्या घरचा आहे" एवढेंच ते म्हणतात. रसिकाच्या न्यायालयांत असा एखादा निकाल नात्यानेंहि लागतो, आणि तो लागला हें मोकळेपणानें कबूल करावें, हें गुरुजींच्या सच्चेपणाचें लक्षण समजावें.

एकेकाळीं चेंडू गवतावर खेळला जात असे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्यें प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर हॉकी झाली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. मॉस्कोंत १९८० सालीं सुवर्णपदक मिळालें खरें, पण त्यानंतर उतार लागला. २००८ सालीं तर भारताला ऑलिंपिकमध्यें प्रवेशहि मिळाला नाहीं. या पडत्या काळांत भोंवतालचीं मुलें क्रिकेटकडे वळलीं. गुरुजी वळले नाहींत. जिंकणाऱ्या संघावर प्रेम करावयास रसिकता लागत नाहीं, असें ते म्हणत.

त्यांचें तिसरें आणि सर्वांत तिखट मत धावतें वर्णन करणाऱ्यांविषयीं. या विषयावर ते अधिकारवाणीनें बोलत. कारण खेळ त्यांनीं आधीं ऐकला आणि मग पाहिला. मुंबईच्या क्रिकेट सामन्यांचें दिवस दिवस एकट्यानें वर्णन करणारे बॉबी तल्यारखान, महात्माजींच्या अंत्ययात्रेचें १९४८ सालीं सुमारें सात तास वर्णन करणारे मेलव्हिल डिमेलो, क्रिकेट मराठींत घरोघर नेणारे बाळ ज. पंडित, या साऱ्यांविषयीं त्यांनीं वाचलें-ऐकलें होतें. पण हॉकीच्या वर्णनकाराचें काम या सर्वांहून कठीण, असें त्यांचें ठाम म्हणणें. क्रिकेटमध्यें दोन चेंडूंच्या मधें उसंत असते. तेथें हवेविषयीं, पाखरांविषयीं चार शब्द बोलतां येतात. हॉकीचा चेंडू मात्र वर्णनकाराचें वाक्य पुरें होण्याची वाट पाहत नाहीं. 'उजव्या बगलेवरून' असें म्हणेपर्यंत तो डावीकडे गेलेला असतो. म्हणून गुरुजींनीं नियम बांधला होता: आधीं चेंडू कोठें आहे तें सांगावें, मग तो कोणाकडे आहे तें सांगावें, आणि वेळ उरल्यास बाकीचें बोलावें. जसदेवसिंग हा नियम पाळीत आणि शिवाय आवाजाच्या चढउतारावरून चेंडू गोलापासून किती दूर आहे हें कळवीत, हा त्यांचा मोठा गुण.

दूरदर्शन आलें आणि वर्णनकाराचें काम बदललें. पण तें बदललें आहे हें पुष्कळांच्या ध्यानांत आलें नाहीं, अशी गुरुजींची तक्रार. जें समोर दिसतें आहे तेंच पुन्हां सांगण्यांत काय हंशील? आकाशवाणीच्या वर्णनकारानें श्रोत्याचे डोळे व्हावें. दूरदर्शनच्या वर्णनकारानें प्रेक्षकाचा चष्मा व्हावें. बचावाची फळी कां विस्कटली, पेनल्टी कॉर्नरच्या वेळीं पहिला धांवणारा कोणत्या कोनानें धांवला, हें सांगावें. एरवीं गप्प बसावें. चेंडू वर्तुळांत शिरला असतां आंकडेवारी वाचणारा, गोल होतांच शब्द विसरून नुसता ओरडणारा आणि आणीबाणीच्या क्षणीं वाचा बसणारा, हे तीन प्रकारचे समालोचक गुरुजींच्या लेखीं अक्षम्य. या तिघांच्या नकला करून ते ओट्यावरच्या मंडळींना पोट धरून हंसवीत.

येथवर गुरुजींची मतें झालीं. आतां त्या मतांना बसलेले दोन धक्के.

पहिला धक्का १९८२ सालचा. दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत अंतिम सामना पुन्हां पाकिस्तानशीं होता. पहिला गोल भारतानें केला. नंतर पाकिस्ताननें सात केले. गुरुजी नुकतेच शिक्षक झाले होते. त्यांनीं ते सातहि गोल रेडिओवर ऐकले आणि त्याच रात्रीं निकाल देऊन टाकला: गोलरक्षक मीररंजन नेगी दोषी. देशभर तेंच चाललें होतें. सामना विकला गेल्याची कुजबूज उठली. तिला आधार कधींच मिळाला नाहीं, पण त्या तरुण खेळाडूला मान वर करून हिंडणें कठीण झालें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत गुरुजींनीं ती कुजबूज मुलांसमोर मोठ्यानें बोलून दाखविली. शाळेच्या संघांत गोलांत उभा राहणारा मुलगा मागच्या बाकावर बसला होता. तो त्या संध्याकाळीं मैदानावर आला नाहीं, आणि पुढेंहि आला नाहीं. कारण विचारल्यावर तो एवढेंच म्हणाला, "सात गोल खाल्ले तर मले बी तसंच म्हनतील."

पुढें बऱ्याच वर्षांनीं त्या सामन्याचीं चित्रें गुरुजींना पाहावयास मिळालीं. भारताचे खेळाडू गोल फेडण्यासाठीं पुढें धांवत आहेत, मागें मैदान मोकळें पडत आहे, आणि पाकिस्तानचे एकापेक्षां एक वेगवान आघाडीवाले एकट्या गोलरक्षकावर चालून येत आहेत, असें तें दृश्य होतें. कानांनीं ऐकलेल्या सात गोलांत ही मोकळी पडलेली जागा ऐकूं आली नव्हती. तेच नेगी १९९८ सालीं बँकॉकला सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघाच्या गोलरक्षकांना शिकवीत होते, हें वाचल्यावर गुरुजींनीं वर्तमानपत्राचें तें पान घडी घालून पेटींत ठेवलें. तो विद्यार्थी तेव्हां संसारी गृहस्थ झाला होता. गुरुजी त्याच्या घरीं गेले, चहा घेतला आणि "त्या दिवशीं माझं चुकलं बाबू" असें त्याच्या मुलांदेखत म्हणाले. त्यानंतर गोलरक्षकाविषयीं त्यांनीं वाईट शब्द काढला नाहीं.

दुसरा धक्का ५ ऑगस्ट २०२१ चा. २०२० सालचें टोकियो ऑलिंपिक साथीमुळें एक वर्ष पुढें गेलें होतें आणि प्रेक्षकांवांचून चाललें होतें. उपांत्य सामन्यांत बेल्जियमनें भारताला ५-२ असें हरविलें होतें. आतां कांस्यपदकासाठीं जर्मनीशीं गांठ होती. सकाळीं सात वाजतां सामना सुरू होणार म्हणून बाइंडराचा तो मुलगा, तोहि आतां साठी ओलांडलेला, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून गुरुजींच्या घरीं आला. कांचबिंदूनें त्याची दृष्टि साफ गेली होती. घरचा रेडिओ बंद पडून वर्षें लोटलीं होतीं. दूरदर्शनचें वर्णन तो पांच मिनिटें ऐकत राहिला. कोणाचा कितवा सामना आहे, कोणाचें वय काय, हें सारें त्याला कळलें. चेंडू कोठें आहे तें मात्र कळलें नाहीं. तेवढ्यांत जर्मनीचा पहिला गोल झाला, तोहि त्याला उशिरां समजला. तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, थो आवाज बंद करा अन् तुमीच सांगा. जनमभर दुसऱ्याइच्या चुका काहाडल्या तुमी. आज तुमचं आयकू द्या."

गुरुजींनीं आवाज बंद केला आणि सांगावयास आरंभ केला. पांच मिनिटांत त्यांना घाम फुटला. खेळाडूचें नांव आठवेपर्यंत चेंडू तिसऱ्याकडे गेलेला असे. सिमरनजितसिंगनें बरोबरी केली, ती त्यांनीं 'कोणीतरी' केली म्हणून सांगितली. जर्मनीनें लागोपाठ दोन गोल चढवून ३-१ केलें, तेव्हां ते कपाळाला हात लावून बसले आणि मित्राला गुडघा हालवून विचारावें लागलें. मग हार्दिकसिंग आणि हरमनप्रीतसिंग यांनीं मध्यंतरापूर्वीं ३-३ अशी बरोबरी आणली, त्या वेळीं गुरुजी नुसते ओरडले. उत्तरार्धांत रूपिंदरपालसिंगनें पेनल्टी स्ट्रोकवर आणि सिमरनजितनें पुन्हां एकदां गोल करून ५-३ केलें. जर्मनीनें एक फेडला. शेवटीं घड्याळांत सात सेकंदहि उरले नव्हते आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला.

गोलांत श्रीजेश उभा होता. "चेंडू आला..." एवढें गुरुजी बोलले आणि थांबले. खोलींत कोणाचाहि आवाज नव्हता. मित्रानें त्यांचा हात घट्ट धरला आणि विचारलें, "झालं काय? सांगा ना!" उत्तर आलें नाहीं. श्रीजेशनें चेंडू अडविला होता. एक्केचाळीस वर्षांनीं भारताला हॉकींत ऑलिंपिकचें पदक मिळालें होतें. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें आणि घशांतून शब्द फुटत नव्हता. ज्या तीन अपराधांसाठीं ते समालोचकांना चाळीस वर्षें फांसावर चढवीत आले, ते त्यांनीं एका सकाळींत तिन्ही केले होते. मित्राचा हात त्यांच्या थरथरत्या हातांत होता. थोड्या वेळानें तो म्हणाला, "राहू द्या. समजलं मले."

त्या दिवसानंतर ओट्यावरच्या नकला बंद झाल्या. समालोचकांवर टीका करावयाचें गुरुजींनीं सोडलें असें नव्हे. परंतु आतां ती टीका समव्यवसायी माणसाची असते. त्यांनीं एक वही केली. दोन्ही संघांच्या खेळाडूंचे क्रमांक व नांवें ते आदल्या रात्रीं पाठ करूं लागले. साधे सराव सामनेहि ते मित्राला सांगत आणि सांगून झाल्यावर चूक कोठें झाली तें विचारीत. ४ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकच्या उपउपांत्य सामन्यांत अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालें आणि चाळीसहून अधिक मिनिटें दहा भारतीय खेळाडू ब्रिटनच्या अकरांशीं लढले. त्या सामन्यांत गुरुजी एकदांहि ओरडले नाहींत कीं थांबले नाहींत. १-१ अशी बरोबरी झाली, शूट-आउटमध्यें भारत ४-२ असा जिंकला, आणि चार दिवसांनीं स्पेनला २-१ असें हरवून पुन्हां कांस्यपदक आलें. तो श्रीजेशचा अखेरचा सामना होता.

सामना संपल्यावर गुरुजींनीं अपेक्षेनें मित्राकडे पाहिलें. त्यानें जरा विचार केला आणि म्हटलें, "बॉल कुठं हाये ते बराबर सांगता तुमी आता. पन टाइम किती रायला, ते सांगत नाही. अंधाऱ्या मान्साले घड्याय बी लागते, गुरुजी."

गुरुजींनीं वही उघडली आणि तें लिहून घेतलें.

टीका करण्याचा अधिकार रसिकाला आहेच. तो काढून घेतला तर खेळाची अर्धी गोडी जाईल. पण मैदानावरचा खेळाडू, गोलांत उभा असलेला एकटा माणूस आणि ध्वनिक्षेपकासमोर बसलेला वर्णनकार, हे तिघेहि ज्या क्षणांत उभे असतात तो क्षण किती आंखूड असतो, याची एकदां तरी प्रचीति घेऊन मग निकाल द्यावा. ज्यानें ती घेतली त्याचा निकाल बहुधा थोडा उशिरां येतो. पण एखाद्या मुलानें गोलांत उभें राहावयाचें सोडून द्यावें, असा तो नसतो.